गुडघ्याचा एमआरआय: ४५० डॉलरचा की २,८०० डॉलरचा?

नमस्कार. तुमची अडचण मला कळली ती अशी. वय ५२, राहायला न्यू जर्सीत. उजवा गुडघा काही महिन्यांपासून दुखतोय, पडल्याचं किंवा मुरगळल्याचं आठवत नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आणि त्यांच्या ऑफिसने ऑर्डर परस्पर मोठ्या हॉस्पिटलकडे पाठवली. हॉस्पिटलचा अंदाज आला २,८०० डॉलर. तुमचं डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी वर्षभरात स्वतः भरायची रक्कम, ३,००० डॉलरचं आणि यंदा त्यातलं फारसं काही भरून झालेलं नाही, म्हणजे जवळजवळ सगळी रक्कम तुमच्याच खिशातून जाणार. घराजवळच्या इमेजिंग सेंटरने त्याच तपासणीचे ४५० सांगितले. मित्र म्हणतात, तब्येतीत काटकसर नको, हॉस्पिटलमध्येच करून घे. घरच्यांचं म्हणणं, दिवाळीत पुण्याला जातोच आहोत, तिथे काही हजार रुपयांत होईल. आणि तुम्ही विचारताय की एवढा फरक आहे म्हणजे स्वस्तात काहीतरी कमी असणारच ना? जगात सगळ्यात जास्त खर्च करणाऱ्या या देशात किंमत आणि दर्जा यांचं नातं काय आहे?

मी डॉक्टर नाही. आधी हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात आणि नंतर कंपन्यांच्या आरोग्य योजनांचे क्लेम तपासण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. त्यामुळे गुडघ्याबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. किमतीबद्दल मात्र मी खात्रीने बोलू शकतो. तुमच्यासारख्या आधी ठरवून करायच्या तपासणीत किंमत बघून दर्जा ओळखता येत नाही. दर्जात फरक नसतो असं मात्र मी म्हणत नाही. तो असतो, कधीकधी फार मोठा असतो, पण तो वेगळा शोधावा लागतो. बिलाच्या आकड्यात तो दिसत नाही.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघू. पुण्यात एखाद्या डायग्नोस्टिक सेंटरच्या काउंटरवर 'किती होतील?' विचारलं की समोरचा माणूस दर सांगतो आणि तो बहुतेक सगळ्यांना सारखाच असतो. इथे एकाच मशीनवरच्या एकाच तपासणीला जितके विमा करार तितके दर असतात. क्लेमच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीला एक सीपीटी कोड, म्हणजे त्या तपासणीचा किंवा उपचाराचा ठरलेला क्रमांक, असतो. गुडघ्याच्या, कॉन्ट्रास्ट (टोचून द्यायचं रंगद्रव्य) न देता केलेल्या एमआरआयचा कोड ७३७२१. त्याच्यापुढे हॉस्पिटलने लावलेली रक्कम असते आणि तिच्यापुढे 'अलाउड अमाउंट', म्हणजे विमा कंपनीने करारात मान्य केलेला दर. खरी किंमत हीच दुसरी. एकाच शहरातल्या, एकाच विमा कंपनीच्या फाइलमधून या कोडच्या ओळी वेगळ्या काढल्या की काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंतचे आकडे एकाखाली एक दिसतात. वरच्या टोकाला बहुतेक हॉस्पिटलं, खालच्या टोकाला स्वतंत्र सेंटरं. स्वतंत्र सेंटरला नाही म्हणणं विमा कंपनीला परवडतं. पण ज्या हॉस्पिटल समूहाकडे परिसरातले निम्मे डॉक्टर आणि प्रसूती विभाग आहेत, त्याला नेटवर्कबाहेर, म्हणजे करार केलेल्या ठिकाणांच्या यादीबाहेर, ठेवलं तर ती योजना कुठलीच कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी घेणार नाही. तो समूह मग वाटाघाटीत हवा तो दर मागतो, आणि त्या दरात तुमचा गुडघाही येतो.

हे फक्त माझ्या फाइलींतलं निरीक्षण नाही. अमेरिकेचा आरोग्यावरचा खर्च १९६० साली देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्के होता. २०२३ मध्ये तो १७.६ टक्के झाला, म्हणजे ४.९ लाख कोटी डॉलर, माणशी १४,५७० डॉलर. इतका पैसा जातो कुठे, याचं सरळ उत्तर २००३ मध्ये जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. अमेरिकन माणूस इतर श्रीमंत देशांतल्या लोकांपेक्षा डॉक्टरकडे जास्त वेळा जात नाही, हॉस्पिटलात जास्त दिवस राहत नाही. प्रत्येक गोष्टीची किंमतच इथे जास्त आहे. २०१८ मध्ये इरीन पापानिकोलस, लियाना वॉस्की आणि आशिष झा यांनी अमेरिकेची दहा श्रीमंत देशांशी तुलना केली, तेव्हाही चित्र तेच निघालं. कागदपत्रं आणि प्रशासनावर इथे एकूण आरोग्यखर्चाच्या ८ टक्के जातात, इतरत्र १ ते ३ टक्के. वापर बहुतेक बाबतींत सारखाच होता. एमआरआयसारख्या तपासण्या मात्र अमेरिकेत त्या देशांच्या सरासरीपेक्षा जास्त होतात, हे तुमच्या प्रश्नाच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखं.

मोठ्या हॉस्पिटलांच्या वाटाघाटीतल्या या ताकदीचा परिणाम मोजलेलाही आहे. झॅक कूपर आणि सहकाऱ्यांनी तीन मोठ्या विमा कंपन्यांचे २००७ ते २०११ मधले क्लेम तपासले. ज्या भागात एकच हॉस्पिटल आहे तिथले दर चार किंवा जास्त स्पर्धक असलेल्या भागापेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी जास्त निघाले. रँड या संस्थेच्या अभ्यासानुसार नोकरीतून मिळणाऱ्या विम्याने २०२२ मध्ये हॉस्पिटलांना सरासरी मेडिकेअरच्या २५४ टक्के दराने पैसे दिले. मेडिकेअर हा ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा. म्हणजे त्याच हॉस्पिटलात, त्याच खोलीत, शेजारच्या ६६ वर्षांच्या माणसाच्या उपचाराला १०० डॉलर पडत असतील तर तुमच्या उपचाराला २५४. दोघांवर होणारा उपचार मात्र एकच.

आता तुमच्या मित्रांच्या म्हणण्याकडे वळतो, कारण ते पूर्ण चुकीचं नाही. महाग म्हणजे चांगलं का, यावर पीटर हसी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६१ अभ्यास एकत्र तपासले. साधारण एक तृतीयांशात जास्त खर्चाबरोबर दर्जा चांगला दिसला, जवळपास तितक्यातच उलटं दिसलं आणि उरलेल्यांत काहीच ठाम निघालं नाही. यावरून निर्णय घ्यायचा तर नाणं उडवल्यासारखंच.

पण तातडीच्या आजारात गोष्ट वेगळी आहे, आणि हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो, नाहीतर माझं उत्तर वाचून कोणी छातीत कळ आल्यावर दर शोधत बसेल. जोसेफ डॉयल, जोनाथन ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी न्यू यॉर्कमधले अ‍ॅम्ब्युलन्सने आणलेले रुग्ण अभ्यासले. कुठल्या कंपनीची अ‍ॅम्ब्युलन्स दारात येते हे बरंचसं नशिबावर असतं आणि प्रत्येक कंपनीची हॉस्पिटलं ठरलेली असतात. त्यामुळे श्रीमंत रुग्ण महागड्या ठिकाणी जातात, ही नेहमीची गल्लत इथे टळते. या अभ्यासात जास्त पैसे मिळवणाऱ्या हॉस्पिटलांत मृत्यू कमी झाले. कूपर यांच्या गटाने पुढे खासगी विम्याच्या रुग्णांवर हेच तपासलं. जिथे हॉस्पिटलांमध्ये स्पर्धा आहे तिथे महागड्या हॉस्पिटलांत मृत्यू कमी होते. जिथे एकदोघांनीच बाजार ताब्यात घेतला आहे तिथे जास्त किमतीचा रुग्णाला काहीही फायदा झाला नाही. तेव्हा हार्ट अटॅक, पक्षाघात, अपघात असेल तर ९११ ला फोन करायचा आणि नेतील तिथे जायचं. त्या वेळी पैशांचा विचार करायचा नाही. २०२२ पासून लागू झालेल्या 'नो सर्प्रायझेस' कायद्यामुळे इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरचं हॉस्पिटल असलं तरी तिथल्या उपचाराचं वाढीव बिल तुमच्यावर टाकता येत नाही. रस्त्यावरून येणारी अ‍ॅम्ब्युलन्स मात्र त्या कायद्यात नाही.

आणखी एका ठिकाणी दर्जाचा फरक खरा आणि मोठा असतो, तो म्हणजे अवघड शस्त्रक्रिया. जॉन बर्कमायर यांच्या २००२ च्या अभ्यासात स्वादुपिंडाचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, ती अगदी क्वचित करणाऱ्या हॉस्पिटलांत १६.३ टक्के रुग्ण दगावले आणि भरपूर करणाऱ्यांत ३.८ टक्के. असं काही समोर आलं तर 'वर्षाला अशा किती करता?' हा प्रश्न किमतीच्या आधी विचारायचा. उत्तर समाधानकारक असेल तर दूरच्या शहरात जावं लागलं तरी जावं.

तुमचा एमआरआय या दोन्ही प्रकारांत बसत नाही. मग त्याचा दर्जा कशात असतो? प्रतिमा किती स्पष्ट येते आणि ती वाचतो कोण, या दोन गोष्टींत. दुसरी जास्त महत्त्वाची. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी सगळ्यांना सांगतो. कंबरदुखी असलेल्या ६३ वर्षांच्या एका बाईचा तीन आठवड्यांच्या आत दहा वेगवेगळ्या सेंटरांत मणक्याचा एमआरआय काढला. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदवलेले होते, आणि दहाही अहवालांत आला असा दोष एकही नव्हता. पाठ तीच होती, प्रतिमा वाचणारे डॉक्टर, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, निराळे होते.

म्हणून सेंटरला फोन करून हे विचारा: मशीन किती टेस्लाचं आहे (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक; १.५ किंवा ३ असेल तर गुडघ्यासाठी चांगलं, काही 'ओपन' मशीन्सची ताकद यापेक्षा कमी असते), अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची मान्यता आहे का, आणि अहवाल हाडं-सांध्यांचं खास प्रशिक्षण घेतलेला रेडिओलॉजिस्ट वाचतो का. हेच प्रश्न हॉस्पिटललाही विचारा. दोन्हीकडून सारखीच उत्तरं आली तर २,३५० डॉलर जास्त देऊन तुमच्या गुडघ्याला काही मिळत नाही. सेंटरची उत्तरं गुळमुळीत वाटली तर तिसरं ठिकाण बघा. महागडं हॉस्पिटल हाच एक पर्याय उरतो असं नाही. तुमच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनाही विचारा की त्यांचा कुणाच्या अहवालावर विश्वास आहे. बरेच सर्जन प्रतिमा स्वतः बघतात, त्यामुळे कुठल्या सेंटरच्या प्रतिमा चांगल्या येतात हे त्यांना नेमकं माहीत असतं.

तुम्ही दोन ठिकाणी चौकशी केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तसं जवळजवळ कोणी करत नाही. मायकेल चर्न्यू, झॅक कूपर आणि सहकाऱ्यांनी पायाच्या एमआरआयचाच अभ्यास केला. माणसं घरातून निघून एमआरआयच्या जागी पोचेपर्यंत वाटेत सरासरी सहा स्वस्त सेंटरं ओलांडून गेली होती. विमा कंपनीने दर बघायचं साधन दिलेलं असूनही एक टक्क्याहून कमी लोकांनी ते वापरलं. कुठे जायचं हे ठरत होतं डॉक्टर कुठे पाठवतो त्यावर. तुमचीही ऑर्डर न विचारताच हॉस्पिटलकडे गेली. डॉक्टरांचं ऑफिस हॉस्पिटल समूहाच्या मालकीचं असलं की ऑर्डर सहसा त्याच समूहात जाते. यात डॉक्टरांचा हेतू वाईट असतो असं नाही. कित्येकदा तपासणीची किंमत त्यांनाही माहीत नसते. ऑर्डर दुसरीकडे पाठवा म्हटलं तर ते पाठवतात. तो तुमचा हक्क आहे. त्यात संकोच कसला?

मोठं डिडक्टिबल दिलं की लोक दर बघून खरेदी करतील, ही कल्पना गेल्या वीसेक वर्षांत इथे फार पसरली. एका मोठ्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना अशा योजनेत नेलं तेव्हा काय झालं, हे झारेक ब्रॉट-गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं. खर्च १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास उतरला, पण स्वस्त ठिकाण शोधल्यामुळे नाही. लोकांनी उपचार घेणंच कमी केलं, गरजेचे आणि बिनगरजेचे दोन्ही. क्लेमच्या फाइलींत हे बघताना मला नेहमी वाईट वाटायचं. मधुमेहाच्या माणसाच्या डॉक्टरभेटी जानेवारीत, डिडक्टिबल नव्याने सुरू झालं की थांबायच्या. बिल वाचवण्यासाठी तपासणी टाळणं आणि तीच तपासणी योग्य दरात करणं यांत फार अंतर आहे. तुम्ही दुसरं करताय.

आता परिस्थितीनुसार उत्तर कुठे बदलतं ते सांगतो. ते ४५० डॉलर विम्याचा करारातला दर आहे की रोखीचा? हे आधी स्पष्ट करून घ्या. रोखीचा असेल तर ते पैसे बहुधा तुमच्या डिडक्टिबलमध्ये मोजले जाणार नाहीत. याच वर्षी पुढे शस्त्रक्रिया किंवा मोठा खर्च येणार असेल तर विम्याच्या दराने, इन-नेटवर्क सेंटरमध्ये केलेलं बरं. त्या आकड्यात अहवाल वाचण्याची फी धरली आहे का, तेही विचारा. पुष्कळदा मशीनचं बिल एक आणि रेडिओलॉजिस्टचं बिल वेगळं येतं. आणि डिडक्टिबल आधीच भरून झालेलं असतं तर दोन ठिकाणांतला फरक तुमच्या खिशाला फारसा जाणवला नसता. तरीही मी स्वस्त आणि चांगलं ठिकाणच निवडलं असतं, कारण ते पैसे शेवटी योजनेतून, म्हणजे पुढच्या वर्षीच्या प्रीमियममधून वसूल होतात. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ कर्मचाऱ्याच्या पगारातून थेट कापले गेले. उरलेले कंपनी भरते, पण अर्थतज्ज्ञांच्या मते तेही बरेचसे न झालेल्या पगारवाढीतूनच येतात.

पुण्याचा पर्याय मी उडवून लावणार नाही. तिथली चांगली सेंटरं याच ताकदीची मशीनं वापरतात. अडचण पुढची आहे. प्रतिमा मूळ डायकॉम स्वरूपात (वैद्यकीय प्रतिमांचा संगणकावर उघडणारा ठरलेला फाइल-प्रकार) सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर घ्याव्या लागतील, नुसती फिल्म चालणार नाही. इथले डॉक्टर त्या स्वीकारतील का हे निघण्याआधी विचारावं लागेल. काही सर्जन स्वीकारतात, काही पुन्हा काढायला सांगतात, आणि मग वाचवलेले पैसे गेलेच. दिवाळीपर्यंत थांबायला डॉक्टरांची हरकत नसेल तरच हा विचार करा.

थांबायचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी, आणि माझ्या मते ती किमतीइतकीच महत्त्वाची आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम शहरात मार्टिन इंग्लंड आणि सहकाऱ्यांनी पन्नाशीपुढच्या सर्वसामान्य लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले. २००८ च्या त्या अभ्यासात ३५ टक्के लोकांचा मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, फाटलेली किंवा झिजलेली निघाली. त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्यात काहीही दुखलेलं नव्हतं. म्हणजे तुमच्या वयात एमआरआयमध्ये काहीतरी निघण्याची शक्यता चांगलीच आहे, पण तुमचं दुखणं त्यामुळेच आहे असं त्यावरून ठरत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारा: 'अहवाल काहीही आला तरी पुढची पायरी फिजिओथेरपीच असेल, तर आधी ती करून बघू का?' गुडघा अडकत असेल, एकदम लचकून पाय दुमडत असेल, सूज किंवा ताप असेल तर त्यांचं उत्तर वेगळं येईल, आणि मग लगेच एमआरआय करा. नसेल तर कित्येक डॉक्टर सहा-आठ आठवडे व्यायाम करून बघायला तयार असतात. खर्च आणि दर्जा यांत जो भाग कुठल्याच दरपत्रकात येत नाही तो हा: तपासणीची गरज आहे का?

डॉक्टर करा म्हणाले तर पुढचा क्रम असा ठेवा. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा कार्डाच्या मागच्या नंबरवर ७३७२१ हा कोड सांगून जवळच्या इन-नेटवर्क ठिकाणांचे दर घ्या. २०२४ पासून प्रत्येक सेवेचा तुमच्या वाट्याचा अंदाज देणं बहुतेक योजनांना बंधनकारक आहे. ज्या व्यक्तीशी बोलाल तिचं नाव, तारीख आणि कॉलचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. नंतर बिल वेगळं आलं तर हीच नोंद कामी येते, हे मी पुष्कळदा बघितलं आहे. मग सेंटरला मशीनचे आणि अहवालाचे प्रश्न विचारा आणि त्यानंतर डॉक्टरांच्या ऑफिसला ऑर्डर तिकडे पाठवायला सांगा.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षातून निसटते. विमा कंपनीची आगाऊ मंजुरी कित्येकदा विशिष्ट ठिकाणाच्या नावाने दिलेली असते. हॉस्पिटलच्या नावाने मिळालेली मंजुरी घेऊन सेंटरमध्ये गेलात तर क्लेम नाकारला जाऊ शकतो आणि ४५० चे कितीतरी पट होतील. ती सेंटरच्या नावावर बदलून मिळायला काही दिवस लागू शकतात. तेव्हा सेंटरची वेळ ठरवण्याआधी डॉक्टरांच्या ऑफिसकडून बदललेल्या मंजुरीचा क्रमांक मागून घ्या, आणि हॉस्पिटलमधली अपॉइंटमेंट तो क्रमांक हातात आल्यावरच रद्द करा.